सहा भरत्यांचे पाणी

योर्गिनाचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होई. पहाट फक्त घड्याळात, कारण त्या उत्तरेच्या टोकाला उन्हाळ्यात सूर्य मावळत नसे. बाहेर ऊन आदल्या रात्री जिथे सोडले होते तिथेच पडलेले असे. ती चुलीत दोन ढलप्या सारी, कालची कॉफी पुन्हा उकळी, सुक्या माशाचा तुकडा गालात धरी आणि होडीकडे निघे. घरापासून होडीपर्यंत एकशे साठ पावले. होडीपासून कोंडवाड्यापर्यंत वल्ह्यांचे दोनशे दहा फटके, वारा तोंडावर असला तर अडीचशे. आठ उन्हाळे ती हेच करत होती.

कोंडवाडा जाळ्याचा, आत हेरिंग मासळी. ग्रोवागच्या खाडीत रापण लावून, म्हणजे किनाऱ्याजवळ लांब जाळे फिरवून, हेरिंग घेरली, तरी ती लगेच उपसता येत नाही. उन्हाळ्यात तिचे पोट लाल कणीने ठासलेले असते. कणी हा समुद्रातला जीव. तांदळाच्या कणीएवढा, तांबडा, दोन लांब मिशा, अंगात तेलाचा एक थेंब. बर्फ वितळून पाणी हिरवट झाले की ती हिरवळ खाऊन कणी माजते, आणि कणी खाऊन हेरिंग. अशी भरल्या पोटाची हेरिंग मारली तर पोटातली कणी तिला आतून सडवते. दुपारपर्यंत पोट फुटते. मीठ धरत नाही, मासळी डब्यात भरणारे कारखाने हात लावत नाहीत. म्हणून जाळ्याचा गोल आवळायचा, बोये आणि नांगर लावून किनाऱ्याला बांधायचा आणि मासळी जिवंत ठेवून तीन दिवस उपास घडवायचा. तीन दिवसांत पोट कोरे. मग खरेदीची बोट बोलवायची.

रापणीवर अकरा पुरुष होते आणि योर्गिना. पुरुष ओढायचे, ती राखायची. कोंडवाड्याभोवती होडी फिरवायची, जाळे दगडाला अडकले तर सोडवायचे, सील आला तर वल्हे आपटून हाकलायचा. आणि दिवसातून दोनदा वीस हेरिंगा काढून अंगठ्याने पोट दाबायचे. लाल आले तर थांबायचे. काही आले नाही तर तांडेलाला, रापणीच्या म्होरक्याला, जाऊन सांगायचे, "कोरी झाली." तिने कोरी म्हटल्यावर बोट यायची. आठ वर्षांत तिचा शब्द एकदाही चुकला नव्हता.

ती मूळची बाहेरच्या बेटांवरची. हिल्मारशी लग्न करून बाविसाव्या वर्षी खाडीत आली. लग्नानंतरच्या आठव्या हिवाळ्यात हिल्मार कॉड मासे धरायला गेला आणि त्याची होडी तेवढी परत आली, उपडी. मूल नव्हते. रापणीचा तांडेल एलिंग हा हिल्मारचा चुलतभाऊ. त्याने तिला राखणीला घेतले. अर्धा वाटा, म्हणजे एका गड्याच्या हिश्शाच्या निम्मा. लोक म्हणाले, दया केली. योर्गिनाने दयेसारखे काम कधी केले नाही. ही राखण गेली असती तर तिला घर बंद करून शहरातल्या कारखान्यात मासे चिरायला जावे लागले असते. ते तिला नको होते.

सदतीस सालच्या जुलैत, एका सोमवारी, हेरिंगची मोठी रास लागली. एलिंगने नेहमीच्या जागी, त्याच्याच घराखाली किनाऱ्याच्या वळणात, कोंडवाडा बांधला. त्याच्या आजापासून तिथेच बांधत होते. ज्याच्या किनाऱ्याला कोंडवाडा बांधला जाई, त्याला किनाऱ्याचा म्हणून अर्धा वाटा मिळे. तोही एलिंगचाच. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण जागा चांगली होती. भरतीचे पाणी टोकाला वळसा घालून वळणात शिरायचे आणि सगळे झाडून न्यायचे.

बुधवारी संध्याकाळी योर्गिनाने पोटे दाबली. लाल होते, पण दुसरा दिवस म्हणून तिने मनावर घेतले नाही. एलिंगने विचारले, "वहिनी, शुक्रवारी बोलवू का बोट?"

"बोलवा. शुक्रवारी कोरी देते."

एलिंगने तार केली.

गुरुवारी पहाटे तिने वीस काढल्या. वीसच्या वीस लाल. नुसत्या लाल नाहीत, ताज्या लाल. अंगठा दाबला की लाल लगदा बोटावरून मनगटापर्यंत ओघळत होता. त्या लगद्यातल्या काही कण्यांच्या मिशासुद्धा शाबूत होत्या. म्हणजे तासाभरापूर्वीचे जेवण.

तिला वाटले, आपण दिवस मोजण्यात चुकलो. रात्र नसली की असे होते. माणूस मंगळवार दोनदा जगतो. म्हणून ती दर भरतीला दोरीला एक गाठ मारायची. तिने गाठी मोजल्या. बरोबर होत्या. पुन्हा मोजल्या. मग वाटले, आपण चुकून एखादी गाठ जास्त मारली असेल. झोपेत. मग ती स्वतःवरच चिडली. झोपेत कुणी गाठी मारते का?

तिच्याकडे पांढऱ्या मुलाम्याचा एक मग होता. कोंडवाड्यातले पाणी त्यात घेतले की कणी दिसायची. पहाटे मग भरला तर सूप झाल्यासारखा लाल. दुपारी भरला तर चार-पाच कण्या, उड्या मारत. संध्याकाळी पुन्हा लाल. तिला काही कळेना. हेरिंग उपाशी राहायला कोंडली आणि तिच्या दारात ताट वाढून येते आहे.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती, पण तिचाही अर्थ लागत नव्हता. त्या वळणात इतके पक्षी तिने कधी पाहिले नव्हते. सुरय पाण्यावर टिपत होते, पफिन बुड्या मारत होते. कोंडवाड्याच्या बाहेरून मोठे सेई मासे घिरट्या घालत होते आणि त्यांच्या मागे डॉल्फिनसारखे छोटे शिशुक फुसफुसत होते. खाडीतला सगळा पसारा एका कोपऱ्यात जेवायला बसला होता.

ती एलिंगकडे गेली. तो अंगणात जाळे शिवत होता. शेजारी आमुन बसला होता. आमुन रापणीतला सगळ्यात दणकट गडी. जिभेनेही.

"भावजी, लाल आहे अजून."

"किती?"

"सगळी."

"आज तिसरा दिवस ना?"

"तिसरा."

"मग तुझा अंगठा लाल असेल. तीन दिवस म्हणजे तीन दिवस, वहिनी. माझ्या आज्यानं तीन ठेवली, बापानं तीन ठेवली. यंदा काय हेरिंगला नवं पोट फुटलं?"

आमुन म्हणाला, "तू त्यांना गुपचूप खायला घालतेस का गं? घरात कुणी नाही म्हणून लळा लागला असेल."

"तुला कोण खायला घालतं ते तुझ्या बायकोला विचार," योर्गिना म्हणाली. "ती सांगेल, लळा लागलाय की नाही ते."

एलिंग हसला, पण उठून कोंडवाड्यापर्यंत आला. त्याने स्वतः तीन मासे दाबले. लाल आले. तो लगद्याकडे बघत राहिला. मग बोटे पाण्यात धुतली.

"फिकट होतंय," तो म्हणाला. "उद्यापर्यंत होईल कोरी."

फिकट अजिबात नव्हते. योर्गिनाला कळेना, एलिंगला दिसत नाही की बघायचे नाही. की आपल्यालाच नको ते दिसते आहे.

शुक्रवारी सकाळी सात वाजता खरेदीची बोट आली. तिचा कप्तान सिव्हर्ट, मोजके बोलणारा माणूस. त्याने पांढरी बशी काढली, वीस हेरिंगा चिरल्या आणि एकेकीचे पोट बशीत पिळले. सतरा लाल निघाल्या.

"कोरी कुणी म्हटली?"

सगळे योर्गिनाकडे बघू लागले.

"मी," ती म्हणाली. बुधवारी तिने तसे म्हटलेच होते.

सिव्हर्टने बशी धुतली. "आठ वर्षं तुझ्या शब्दावर मी रिकामी बोट घेऊन निघतो, योर्गिना. आज इथवर तेल जाळून आलो. मंगळवारी उत्तरेकडून परत येतो. तेव्हा शेवटचं बघीन. नाही झाली तर सोडून द्या. इतके दिवस कोंडली तर तशीही मरेल."

बोट गेली. रापणीतले गडी दोर गुंडाळू लागले. आमुन म्हणाला, "राखण पुढच्या साली माझ्या बायकोला द्या. तिला निदान लाल आणि पांढरं कळतं." कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

योर्गिना होडीत एकटीच बसून राहिली. हाताला काम हवे म्हणून ती जुना बोया फेकून बुचाचा नवा घडवायला लागली. बूच तासताना तुकडे पाण्यावर पडत होते. तुकडे होडीपासून सुटले, वळणाच्या तोंडाशी पाण्यात बांधलेल्या दगडी भिंतीच्या कडेने पुढे गेले, दिसेनासे झाले. तिने एक बाजू पुरी केली, दुसरी तासायला घेतली, तेव्हा होडीच्या उजव्या अंगाला बुचाचे तुकडे तरंगत आले. तिला वाटले, आताच पडले असतील. पण ती डाव्या अंगाला तासत होती.

तिने चाकू ठेवला. बुचाचे सात तुकडे कापले. सातहींना चाकूने एकेक खाच पाडली. एकदम पाण्यावर सोडले आणि हात मांडीवर ठेवून बसली. तुकडे भिंतीकडे गेले. भिंतीच्या टोकाशी रेंगाळले. मग आत वळले, वळणाच्या मागच्या खडकाशी आले आणि सावकाश, गाडीला जुंपलेल्या बैलांसारखे, परत तिच्याकडे आले. सातांतले पाच. खाच पाडलेले.

ती भिंत नवी होती. बेकारांना काम म्हणून सरकारने बांधवून घेतली होती, हिवाळ्यात होड्या वादळापासून वाचाव्यात म्हणून. मुकादम एलिंग. दगड आमुन आणि इतरांनी ओढले. खडी योर्गिनाने वाहिली. त्याच वर्षी मार्चपासून मेपर्यंत, पाठीवरच्या टोपलीतून, दिवसाला चाळीस खेपा. भिंत पुरी झाली तेव्हा एलिंगने सगळ्यांना कॉफी पाजली होती आणि तीही भिंतीवर उभी राहून प्याली होती.

भरतीचे पाणी आता वळण झाडत नव्हते. ते आत येऊन फिरत होते. आणि फिरणाऱ्या पाण्यात कणी साचत होती. असे तिला वाटले. पण वाटणे वेगळे आणि ते एलिंगला सांगणे वेगळे.

तिने सांगितले. एलिंग आला, आमुन आला, आणखी चौघे आले. तोवर अकरा वाजले होते. तिने सात तुकडे सोडले. मघाचे तीन आणि नवे चार, सगळे सरळ बाहेर गेले आणि खाडीच्या मध्याला लागले. एकही परतला नाही.

"वा!" आमुन म्हणाला. "जादू झाली. बूच गेलं बुचाच्या घरी."

"मघाशी परत आले होते," योर्गिना म्हणाली.

"मघाशी तू एकटी होतीस."

एलिंगचा चेहरा उतरला होता. तो हळू म्हणाला, "वहिनी, ती भिंत मी बांधली."

"मीही बांधली, भावजी. खडी कुणी वाहिली?"

"मग आपल्याच भिंतीवर कशाला आळ घेतेस?"

"आळ नाही घेत. आले होते परत. पाच आले होते."

ते निघून गेले. तिला आपण खरेच पाच मोजले होते की नाही याची शंका यायला लागली. मघाचे, खाच पाडलेले उरलेले दोन तुकडे होडीच्या तळाशी पडले होते. ते तिने खिशात घातले. पुरावा म्हणून की आठवण म्हणून, हे तिलाही सांगता आले नसते.

दुपारी ती खाडी ओलांडून पलीकडे गेली. समोरच्या किनाऱ्यावर, ओढ्याच्या मुखाशी, बिरेत नावाची म्हातारी राहायची. सामी, म्हणजे उत्तरेकडच्या मूळ जमातीची बाई, नवरा गेलेला, चाळीस मेंढ्या आणि एक पाइप. ग्रोवागचे लोक तिच्याकडे फारसे जात नसत आणि तिला त्याचे वाईटही वाटत नसे.

"बस," बिरेत म्हणाली. "तोंड का असं झालंय? कुणी मेलं?"

"अजून नाही. आजी, तुमच्या दारातून आमचं वळण दिसतं ना?"

"सगळं दिसतं. तुझा तो आमुन भिंतीआड जाऊन मुततो तेही दिसतं."

"पक्षी दिसतात?"

"भिंत झाली तेव्हापासून तिथेच. भरतीला येतात, गोल फिरतात, ओहोटी लागली की उठतात. मी म्हटलं, इतके शहाणे लोक, सरकारी काम, त्यांनी मुद्दाम पक्ष्यांसाठी बांधली असेल." तिने पाइप ठोकला. "मला काय, मी मेंढ्या राखते."

भरतीला येतात. योर्गिनाला पहाटेचा मग आठवला, लाल. दुपारचा, रिकामा. आणि आमुनने हसून दाखवले तेव्हा ओहोटी लागून तास झाला होता. तिने काही क्षण डोळे मिटले. इतकी साधी गोष्ट समोर असून आपल्याला दिसली नाही, याचा तिला राग आला. आणि दिसली म्हणून बरेही वाटले. दोन्ही एकदम.

"तुमच्या ओढ्यासमोर कणी येते का?" तिने विचारले.

"ओढ्याचं पाणी गोड. कणीला गोड पाणी सोसत नाही, ती खाली जाते, नाहीतर बाहेर राहते. माझ्या पाण्यात हेरिंग येते ती हडकुळी."

"आम्ही कोंडवाडा इथे आणला तर?"

बिरेतने तिच्याकडे नीट पाहिले. "किनाऱ्याचा वाटा कोण देणार? एलिंग? त्याच्या आज्यानं माझ्या आज्याला कधी दिला नाही."

"देईल कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे कोण ते ठरवून ये, पोरी."

शनिवारी पहाटे पाचला, भरती चढत असताना, योर्गिनाने एलिंगला एकट्याला उठवून नेले. तो अर्ध्या झोपेत होता. तिने सात तुकडे सोडले. ते भिंतीच्या टोकाशी गेले. आत वळले. खडकाशी आले. एलिंग त्यांच्याबरोबर मान वळवत होता. सहा परत आले. तिने मग पाण्यात बुडवून त्याच्या हातात दिला. तो लाल होता.

एलिंगने तो खाडीत रिता केला. मग म्हणाला, "होड्या मात्र हिवाळ्यात सुरक्षित राहतील."

"राहतील ना. भिंत चांगली आहे. कोंडवाड्याला नाही चांगली, एवढंच."

"कुठे न्यायचा?"

"बिरेतच्या ओढ्यासमोर."

त्याने मान हलवली. "एका पकडीला दोन किनारे? माझा अर्धा वाटा धरलेलाच आहे, कोंडवाडा पाच दिवस इथे होता. वर तिला अर्धा. गडी मला फाडून खातील. आधीच माशांचं काय होणार ठाऊक नाही."

"पलीकडचा वाटा माझ्यातून द्या."

"तुझा वाटा अर्धाच आहे."

"किनाऱ्याचाही अर्धाच आहे."

"मग तुला काय उरणार?"

हेच योर्गिनाने रात्रभर स्वतःला विचारले होते. कोरी म्हणून तिने शब्द दिला होता आणि ती कोरी नव्हती. हे एवढेच तिला टोचत होते. त्यासाठी उन्हाळ्याची मजुरी देणे शहाणपणाचे आहे का, हे तिला कळत नव्हते.

"पुढच्या साली राखण," ती शेवटी म्हणाली. पण तेही तिने विचारल्यासारखे म्हटले.

अकरा वाजता भरती पुरी झाली आणि ओढायला सुरुवात झाली. जिवंत कोंडवाडा ओढणे काय असते ते ज्याने केले त्यालाच कळते. जाळ्याचा गोल वीस घरांच्या अंगणांएवढा, आत शेकडो पिंपे हेरिंग. जोरात ओढला तर मागचे जाळे मासळीवर दाबते, खवले झडतात, आणि खवले झडलेली हेरिंग संध्याकाळपर्यंत पोट वर करते. म्हणून ओढायचा तो मुंगीच्या पावलाने. पाच होड्या पुढे, दोन मागे जाळे उचलून धरायला. वल्ह्याचा फटका पुरा मारायचा नाही, अर्धा मारायचा आणि थांबायचे. दोर ताणला की थांबायचे, सैल पडला की मारायचे. सगळ्यांनी एकदम. असे सात तास.

योर्गिना पुढच्या डाव्या होडीत होती. एलिंग मागून ओरडत होता, "अर्धा! अर्धा म्हटलं ना!" पहिल्या तासात आमुन तीनदा चुकला, कारण दणकट माणसाला अर्धा फटका मारणे सगळ्यात अवघड. योर्गिनाने मागे न बघता सांगितले, "आमुन, लोणी काढतोयस असं समज." त्यानंतर त्याला जमले. दुपारी खाडीच्या मध्यावर वारा उठला आणि तासभर ते जिथे होते तिथेच वल्हवत राहिले. पुढे जात नव्हते, मागे जाऊ देत नव्हते. कुणी पाणी प्याले नाही, कारण प्यायला हात सोडावा लागला असता. योर्गिनाच्या तळहातावरची कातडी सोलली. तिने लोकरी हातमोजे ओले करून वर चढवले. मग त्या मोज्यांतून रक्त आले, पण ओला मोजा सरकत नव्हता, हे महत्त्वाचे.

या सात तासांत तिला एकदाही प्रश्न पडला नाही. आठवडाभरात ही एवढीच वेळ होती जेव्हा तिला सगळे कळत होते.

संध्याकाळी सहाला त्यांनी बिरेतच्या किनाऱ्याला दोर बांधला. बिरेत दारात उभी राहून बघत होती. आमुन दगडावर आडवा झाला आणि म्हणाला, "आजी, कॉफी आहे का?"

"आहे," बिरेत म्हणाली. "मुतायला मात्र भिंतीआड जा."

आमुनला काही कळले नाही. योर्गिनाला हसू आले, पण ओठ फुटलेले होते, म्हणून तिने आवरले.

रविवारी कुणी काम केले नाही. पुरुष प्रार्थनेला गेले. योर्गिनाने हातांना चरबी लावून ते कापडात गुंडाळले आणि कोपरांनी वल्ही धरून खाडी ओलांडली. उपास सुरू आहे की नाही हे बघायला कुणाची परवानगी लागत नाही. मग भरला: दोन कण्या. पोटे दाबली: लाल, पण चिकट, जुने लाल. सोमवारी विटकरी. सोमवारी संध्याकाळी वीसांतल्या चारच लाल. तिने चारदा मोजले. तरी तिने कुणाला काही सांगितले नाही. "कोरी" हा शब्द तिच्या तोंडून निघेना. मंगळवारी सकाळी एलिंगने विचारले, "काय म्हणू सिव्हर्टला?" ती म्हणाली, "त्यालाच बघू दे."

सिव्हर्टने बशी काढली. वीस चिरल्या. एकीचे किंचित गुलाबी आले, बाकीच्यांचे पाणी. त्याने बशीकडे, मग पलीकडच्या वळणाकडे, मग पुन्हा बशीकडे पाहिले.

"इथे कसा आला कोंडवाडा?"

"ओढत," एलिंग म्हणाला.

"ते दिसतंय. कुणाच्या डोक्यातून?"

एलिंगने योर्गिनाकडे बोट केले. सिव्हर्टने टोपी जराशी उचलली आणि उपसायला सांगितले. संध्याकाळपर्यंत बोट भरली.

त्यानंतर एकोणीस उन्हाळे योर्गिनाने राखण केली, आणि कोंडवाडा ओढ्यासमोरच बांधला गेला. एलिंगने पुन्हा कधी वळणाचे नाव काढले नाही. भिंत मात्र त्याने दर वसंतात स्वतः डागडुजी करून ठेवली, आणि होड्या तिच्याआड कधी फुटल्या नाहीत. कणीचे म्हणाल तर योर्गिनाला ती कधीच पुरती कळली नाही. एका साली ती ओढ्याच्या तोंडापर्यंत आली, गोड्या पाण्यात शिरून, आणि पाच दिवस गेली नाही. का, ते कुणालाच सांगता आले नाही. योर्गिना मग भरून बघायची, डोके हलवायची आणि दोरीला गाठ मारायची.

त्या सदतीस सालचा तिचा अर्धा वाटा ऑगस्टात आला. चौऱ्याहत्तर क्रोनर. एलिंगने ते टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "वहिनी, बिरेतला मी समजावू शकतो. थोडं कमी घेईल."

"नको. तिचा किनारा, तिचा वाटा."

ती ते घेऊन पलीकडे गेली. बिरेतने नोटा बोटांत धरल्या.

"किती भरत्या उभा होता कोंडवाडा माझ्या दारात?"

"सहा."

"मग बरोबर," बिरेत म्हणाली. नोटा डब्यात टाकल्या आणि कॉफी ओतली. एक क्रोनरही मागे दिला नाही. योर्गिनाला ते योग्यच वाटले. पण परत येताना खाडीच्या मध्यावर तिने वल्ही थांबवली आणि आपण जिंकलो की फसलो याचा हिशेब लावायचा प्रयत्न केला. लागला नाही. वारा तोंडावर होता, म्हणून तिने पुन्हा वल्ही मारायला घेतली. मार्चपासून खडी वाहून, जुलैभर पहाटे पावणेचारला उठून, तळहात सोलून तिने त्या वर्षी जे विकत घेतले ते एवढेच: दुसऱ्याच्या किनाऱ्यासमोरचे, सहा भरत्यांचे, निम्मे गोड पाणी.